पाय धुऊन आलेल्या बायका

पीठ दुसऱ्यांदा फुगून परातीच्या काठाशी आलं होतं. जस्टिना रेम्पेल त्यात मूठ खुपसणार, तोच शेजारी उभी असलेली लीझबेत डब्यांना आतून लोणी चोपडता चोपडता, मान वर न करता म्हणाली, "आज संध्याकाळी मी नेटीबरोबर बसेन म्हणते. तुला काही वाटायचं नाही ना, स्टीन?" मूठ पिठात गेली. आतली हवा फुस्स करून निघाली आणि पीठ खाली बसलं. "मला काय वाटायचंय," जस्टिना म्हणाली. "पाय तुझे. कुणाच्या हातात द्यायचे ते तू बघ." वाक्य इतकं सरळ बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं. चर्चच्या तळघरात तेव्हा सात-आठ जणी होत्या. ईस्टरचा गोड पाव कॉफीच्या रिकाम्या डब्यांत भाजायचा, म्हणजे तो उंच होतो आणि वर टोपीसारखा फुगतो. सगळ्या त्या डब्यांत गुंतलेल्या, कुणी ऐकलं नाही. किंवा सगळ्यांनी ऐकलं. त्या तळघरात न ऐकलेलं असं काही नसे. जस्टिनानं पीठ ओट्यावर उपडं केलं आणि मळायला घेतलं. दुसऱ्यांदा फुगलेलं पीठ मळायचं नसतं, हलक्या हातानं नुसतं तोडायचं असतं, हे तिनंच तिथल्या निम्म्या बायकांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. ती मळत राहिली. पलीकडे लीझबेतनं पुढचा डबा उचलला, बोटावर लोणी घेतलं, आणि काहीच झालं नसल्यासारखी पुन्हा चोपडू लागली.

पाय धुण्याचं तसं ठरवून काही नसे. ईस्टरआधीच्या गुरुवारी, प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, मंडळीतली माणसं जोडीजोडीनं एकमेकांचे पाय धुवत. पुरुष वर, बायका खाली तळघरात. मग सगळे मिळून प्रभुभोजनाला. कुणी कुणाचे धुवायचे ते पाळक सांगत नसत, कुठे लिहिलेलं नसे; पण कोण कुणाजवळ खुर्ची ओढणार हे लग्नाच्या जोड्यांइतकं सगळ्यांना पाठ असे. जस्टिना आणि लीझबेत. दोघी नव्या नवऱ्या म्हणून एकाच उन्हाळ्यात या मंडळीत आल्या तेव्हापासून. लीझबेतचे पाय जस्टिनाला स्वतःच्या पायांपेक्षा ओळखीचे होते. डाव्या पायाची करंगळी शेजारणीच्या अंगावर रेललेली. उजव्या घोट्याखाली बिटाच्या शेतात लहानपणी लागलेल्या खुरप्याचा व्रण, पाण्यात भिजला की पांढरा दिसणारा. ज्या वर्षी दिवस राहिले त्या वर्षी सुजून पावासारखे झालेले, आणि ज्या वर्षी ते पोर जन्मतःच गेलं त्या वर्षी बर्फासारखे गार. तेव्हा जस्टिनानं ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाण्यात धरले होते. बोलली काही नव्हती. तिला बोलून समजूत घालता येत नसे. तिच्या तोंडून समजूतसुद्धा खडसावल्यासारखी येई, हे तिला ठाऊक होतं. हातांनी जे होतं ते होतं. लीझबेतला ते कळलं असणार असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, की लीझबेतला हे कुणी सांगितलं होतं?

आणि एक गोष्ट होती, जी कुणी कधी बोलून दाखवत नसे. सगळ्या जणी घरून पाय धुऊन येत. प्रभूनं धुतले ते पाय रस्त्याच्या धुळीनं भरलेले होते. या बायकांचे असे, की त्यांच्यावर ताट मांडावं. त्या गुरुवारी दुपारपासून घराघरात टबांत पाय भिजत, टाचा घासल्या जात, नखं कापली जात, बोटांच्या बेचक्यांत पावडर पडे. कमरेपर्यंतचे लांब मोजे त्या दिवशी कुणी घालत नसे, चारचौघींत उतरवायचे कसे? आखूड मोजे, तेही नवे. मग चर्चमध्ये येऊन या असल्या पायांवरून त्या एकमेकींना ओंजळभर पाणी घालत, टॉवेलानं टिपत, उठून गालाला गाल लावत, आणि कुणाच्या हाताला कसलाच मळ लागत नसे. जस्टिनाचा नवरा कोर्नी जिवंत असताना हसायचा. "तुम्ही बायका म्हणजे, मोलकरीण यायच्या आधी घर झाडून ठेवणाऱ्या." ती त्याला म्हणायची, "तू तुझे बघ. तुझ्या जोडीदाराला नाक धरून वाकावं लागतं म्हणतात." पण सगळ्यांत जास्त वेळ पाय घासणारी तीच होती. तिच्या टाचेला कधी कुणाला भेग सापडली नाही.

नेटी हीबर्ट ही दोन हिवाळ्यांपूर्वी सास्काटूनहून आलेली. नवरा वारल्यावर भावाजवळ राहायला आली आणि बघता बघता मंडळीत अशी विरघळली, की जणू दुधातली साखर. जन्मभर बँकेच्या खिडकीमागे बसलेली बाई. हात मऊ, आवाज मऊ, समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच डोळ्यांत पाणी. कुणी आजारी पडलं की नेटी सूप घेऊन हजर. ते सूप जस्टिनानं एकदा चाखलं होतं. मीठ नाही, शेपू नाही, कोबी कच्चा; गरम पाण्याला कुणी सूप म्हणावं आणि लोकांनी मान डोलवावी. जस्टिनाचं बोर्श्त, तेच कोबीचं सूप, खाऊन मात्र माणसं बोटं चाटत. मयताच्या जेवणाला शंभर माणसांचं बोर्श्त तिच्याशिवाय कुणाला जमत नसे. पण भांडं परत करायला आलेला माणूस उंबरठ्यावरच उभा राही, "फार छान झालं होतं, मिसेस रेम्पेल," म्हणे, आणि जाई. नेटीचं भांडं परत करायला गेलेला तिच्या स्वयंपाकघरात तासभर बसे. हे जस्टिनानं आपल्या खिडकीतून पाहिलं होतं; नेटीच्या भावाचं घर नेमकं समोर. ती बघत नसे. दिसायचं.

भाजलेल्या पावांचा वास सगळ्या तळघरात भरला तेव्हा तिच्या छातीत काहीतरी आंबल्यासारखं झालं होतं. पाय धुणं, हेच तर तिनं सारं आयुष्य केलं होतं. हेंडरसन रस्त्यावरच्या मंडळीच्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना आंघोळी घालायची. पहाटे जाऊन, बाह्या वर करून, एकामागून एक. लोंबणारी कातडी, बिछान्यात पडून पडून झालेल्या जखमा, कडक झालेली नखं, ज्यांना स्वतःची लेकरं हात लावत नसत असे पाय. एक म्हातारे एप होते, अंगाला पाणी लागलं की थोबाडीत मारायचे. ती मार खायची, पाठ चोळायची, पावडर लावायची. देवाचं नाव तिनं तिथे कधी तोंडातून काढलं नाही. काढणाऱ्या बायका असत, हात धरून प्रार्थना करणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या. त्या निघून गेल्यावर चादर हिलाच बदलावी लागे. तिला वाटे, माझी प्रार्थना ही. देवाला नाक असेल तर त्याला कळेल. तिथेच एकदा एक आंधळी म्हातारी, अंग पुसून घेता घेता म्हणाली होती, "तुझे हात फार चांगले आहेत गं पोरी. मला भीती वाटते ती तुझी." जस्टिना तेव्हा मोठ्यानं हसली होती. घरी येऊन कोर्नीला सांगितलं, तोही हसला. जरा कमी हसला. ते हसणं आज पावांचे डबे उलटे करताना तिला आठवलं. एक पाव डब्याला चिकटला. तिनं डब्याच्या बुडावर थाप मारली, पुन्हा मारली, आणि पाव मधोमध तुटून निम्मा हातात आला. "अगं, माझ्या हातून लोणी कमी लागलं वाटतं," लीझबेत म्हणाली. "नाही," जस्टिना म्हणाली. "पीठच बिघडलंय."

मनात अढी ठेवून पाय धुण्याच्या तसराळ्यापाशी जायचं नाही, हा मात्र नियम होता. तो सगळ्यांना दूध पितानाच शिकवलेला. कुणाविषयी काही असेल तर गुरुवारच्या संध्याकाळआधी त्या माणसाच्या दारात जायचं, तोंडानं सांगायचं, मोकळं व्हायचं. नाही झालीस तर येऊ नको. आणि जी आली नाही तिच्या मनात काय आहे याची चर्चा रविवारपर्यंत पुरते. जस्टिनाची आई एकदा अशीच चिखल तुडवत शेजारच्या शेतावर गेली होती, कोंबड्यांवरून झालेलं काही होतं. परतली तेव्हा डोळे लाल आणि ॲप्रनमध्ये डझनभर अंडी. आईला निदान कोंबड्या होत्या. हिनं नेटीच्या दारात जाऊन काय सांगायचं? नेटीनं तिचं काय बिघडवलं होतं? चोरी केली नाही, चुगली केली नाही, उलट जस्टिनाविषयी कुणी वेडंवाकडं बोललं तर नेटीच म्हणायची, म्हणे, "अहो, मनाची फार चांगली आहे ती." मेली. मनाची चांगली आहे हे हिनं ठरवायचं? सत्तरी ओलांडलेल्या बाईनं दारात उभं राहून सांगायचं, की मला तुझा हेवा वाटतो. शाळेतल्या पोरीनं, तू माझ्या मैत्रिणीशेजारी का बसलीस, असं म्हणावं तसं? त्यापेक्षा कोंबड्या बऱ्या.

म्हणून ती नेटीकडे न जाता लीझबेतकडे गेली. भाजणं संपल्यावर लीझबेत पाय दुखतात म्हणून लवकर निघून गेली होती. जस्टिनानं मागचं सगळं आवरलं, डबे घासले, ओटा पुसला, मग एक चांगला फुगलेला पाव टॉवेलात गुंडाळला आणि घरी न जाता तशीच बस धरली. लीझबेतच्या घराची किल्ली तिच्या जुडग्यात होती. तिच्या जुडग्यात तीच एक परकी किल्ली. लिफ्टमधून वर जाताना तिनं वाक्य जुळवलं. आपण दोघी इतक्या वर्षांच्या. नको. मी काही बोलले असेन तर. छे. दाराबाहेरच्या चटईवर आखूड, लाल काठाचे रबरी बूट नीट जोडून ठेवलेले होते. ते बूट तिनं खिडकीतून समोरच्या पायरीवर रोज पाहिले होते. आतून हसू आलं. लीझबेतचं हसू. जस्टिनाजवळ हसताना लीझबेत तोंडावर हात धरायची, दातांची लाज म्हणून. हे हसू उघड्या तोंडाचं होतं. तिनं किल्ली फिरवली.

लीझबेत आरामखुर्चीत होती, एक पाय वर. नेटी जमिनीवर फतकल मारून बसलेली आणि तो पाय तिच्या मांडीवर. डावा पाय. करंगळी नव्हती. जिथे ती शेजारणीच्या अंगावर रेललेली असायची तिथे एक गुळगुळीत, जांभळी जागा होती, आणि तळव्याला कोटाच्या बटणाएवढी ओली जखम. शेजारी ताटलीत कात्री, कापूस, वापरलेली पट्टी. "कोण? स्टीन? ये ना, ये," नेटी म्हणाली. स्टीन. त्या नावानं जगात आता एकटी लीझबेत तिला हाक मारत होती. कोर्नी गेल्यापासून एकटी. जस्टिनाला वाटलं, कुणीतरी आपल्या कपाटात हात घालून आतला कपडा बाहेर काढून धरला. तिच्या तोंडून मात्र धंद्यातलं वाक्य आलं. "पट्टी घट्ट झालीय. रक्त कुठून जायचं?"

"अगं बाई, खरंच की काय?" नेटी घाबरली. "दाखव ना कशी ते. मी शिकलेय नर्सकडून, पण माझे हात कापतात. पहिल्या दिवशी तर मीच घेरी येऊन पडले, हिनंच मला पाणी दिलं." आणि दोघी पुन्हा हसल्या. एकदम, एकाच जागी. ते हसू आधी पुष्कळदा हसून झालेलं होतं.

"पहिला दिवस कधीचा?" जस्टिनानं विचारलं. तिनं अजून कोट काढला नव्हता. पाव हातातच होता.

लीझबेत हसायची थांबली. "ऑक्टोबरातला."

"ऑक्टोबरात तू मुलीकडे गेली होतीस. कॅलगरीला."

"गेले नव्हते."

"तू मला कॅलगरीचं थंडीवाऱ्याचं सांगितलंस. नातवानं दात पाडून घेतला म्हणालीस."

"दात पडला होता. फोनवर कळलं."

नेटी कात्री उचलून ठेवू लागली, पुन्हा उचलू लागली. "मी जरा चहाचं बघते," म्हणाली. "बस खाली," लीझबेत तिला म्हणाली, आणि मग जस्टिनाला, जरा थकून, "सांगितलं असतं तर तू आली असतीस. मला ठाऊक आहे. रोज आली असतीस, बर्फातून. नेटीपेक्षा सातपट चांगली पट्टी बांधली असतीस."

"मग?"

"आणि बोलली असतीस. साखरेचा आजार असून मी केक खाते ते, चालत नाही ते, डॉक्टरकडे उशिरा गेले ते. सगळं खरं बोलली असतीस, स्टीन. एक शब्द खोटा नसता. मला तेव्हा खरं नको होतं गं. पट्टी हवी होती."

केकचं जस्टिनाच्या तोंडात आलेलंच होतं. खिडकीत अर्धा केक झाकून ठेवलेला तिला आत आल्या आल्या दिसला होता. ते तिनं गिळलं.

"आणि आजचं विचारशील तर," लीझबेत म्हणाली, "तू माझे पाय धुतेस इतकी वर्षं. मी तुझे कधी धुतलेत? आठव. हात लागतो न लागतो तोच, झालं, पुरे पुरे, म्हणून पाय वर. मी नुसती पाण्यात बोटं बुडवून कोरडी करते आणि उठते. एकदा तरी धरू दिलास?"

"माझे स्वच्छच असतात."

"ते मंडळीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे," लीझबेत म्हणाली.

पाव टेबलावर ठेवून जस्टिना बाहेर पडली. हातमोजे तिथेच राहिले हे खाली आल्यावर कळलं. रस्त्याच्या कडेला हिवाळ्याचा उरलेला बर्फ काळा पडून वितळत होता, आणि ती बसचा थांबा मागे टाकून तशीच चालत सुटली. फूटपाथवरचं डबकं चुकवायचं तिच्या ध्यानात आलं नाही. बुटांत पाणी शिरलं. तिच्या पायांत तिनंच विणलेले राखाडी लोकरीचे मोजे होते, कामाचे, सकाळी सहाला चढवलेले. ते भिजून बोटांशी गोळा झाले. तिला ते कळत होतं आणि नव्हतंही. डोळ्यांपुढे ऑक्टोबर होता. ऑक्टोबरात ती काय करत होती? सफरचंदं वाळवत होती. लीझबेतसाठी वेगळी पिशवी भरून ठेवली होती, कॅलगरीहून आली की द्यायची म्हणून. आणि तेव्हा लीझबेत कुठेही गेलेली नव्हती; इथे, चार बसथांब्यांवर, करंगळी कापून पडली होती, आणि ती करंगळी शेवटची कुणी पाहिली? कोण होतं दवाखान्यात? ते लाल काठाचे बूट. ज्या बोटाला जस्टिनानं दर वर्षी दोन बोटांत धरून शेजारणीपासून सोडवून मधली जागा धुतली होती, ते बोट नसलेली जागा आधी नेटीनं पाहिली. नेटी ते पाय धुणार याचं एवढं नव्हतं. तिनं पाहिलं याचं होतं. आपल्या माणसाच्या कबरीवर आपल्याआधी जाऊन कुणी फुलं ठेवून यावीत तसं काहीतरी. आणि त्याहून खाली, बुटातल्या पाण्यासारखं गार, दुसरं होतं: ती घेरी येऊन पडली. घेरी येऊन पडणाऱ्या, पट्टी चुकीची बांधणाऱ्या बाईच्या मांडीवर लीझबेतनं पाय दिला होता आणि तोंड उघडून हसली होती. जस्टिनाच्या हातून कधी काही चुकलं असतं तर? पण तिच्या हातून चुकत नसे. तोच तिचा एक दागिना होता, आणि तो घालून ती जिथे गेली तिथे लोक उंबरठ्यावर उभे राहिले.

पुलाजवळच्या बाकावर ती टेकली. आज जायचंच नाही, असं तिनं ठरवलं. डोकं दुखतंय म्हणून कळवावं. मग तिला ते तळघर दिसलं, तसराळी मांडलेली, एक खुर्ची रिकामी, आणि नेटीचा तो मऊ आवाज: जस्टिना नाही दिसत, बिचारी, आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या का? बिचारी. जस्टिना बाकावरून अशी उठली, जणू बाक तापला. सगळ्यांनी माना खाली घालून तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि डोळे उघडल्यावर एकमेकींकडे बघायचं? तिनं आयुष्यात पुष्कळ सोसलं होतं, हे नाही. देवाच्या ओढीनं ती त्या संध्याकाळी चर्चला गेली असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. नेटीनं आपल्याला बिचारी म्हणू नये म्हणून गेली. घरी जाऊन पाय घासण्याचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

तळघरात अजून पावाचा वास होता. टेबलं भिंतीला सरकवलेली, पांढरी तसराळी खुर्च्यांपुढे, प्रत्येक खुर्चीवर घडी केलेला टॉवेल. वरून पुरुषांचं गाणं येत होतं, जाड, जरा मागे रेंगाळणारं. जिला जोडी नसते तिला करायला नेहमी एक काम असतं: पाणी भरणं. जस्टिना मोरीशी जाऊन बादल्या भरू लागली. कोपरानं पाणी बघितलं, आंघोळीआधी आश्रमात बघायची तसं. शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. नेटी.

"पट्टी सैल केली," ती हळूच म्हणाली. "तू गेल्यावर. दोनदा सोडून बांधली. आता तिला बरं वाटतंय. तू सांगितलंस म्हणून केली असं नाही बोलले मी."

"का नाही बोललीस?"

"ती म्हणाली असती, मग तूही आता तिचंच ऐकणार का."

जस्टिनानं नळ बंद केला. आईचा चिखलानं भरलेला झगा तिला आठवला. "तुझ्याविषयी माझ्या मनात अढी आहे," ती म्हणाली. नियमातलं वाक्य, घाण फडकं चिमटीत धरून पुढे करावं तसं तिनं ते पुढे केलं.

नेटीचे डोळे मोठे झाले. "कसली गं?"

"कसली म्हणजे काय? तू आहेस, एवढीच."

नेटीला हसू फुटलं, ते तिनं दाबलं, आणि दाबता दाबता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आलंच ते, जस्टिनाच्या मनात आलं, नळ बंद केला की हिचा सुरू. पण नेटी काही गोड बोलली नाही. नाक पुसून म्हणाली, "मग आता ती काढायची, की घेऊनच बसायचं?"

"बघू," जस्टिना म्हणाली. "आत्ता पाणी निवतंय."

संख्या विषम असली की तिघी बसत, गोल करून. पहिलीनं दुसरीचे, दुसरीनं तिसरीचे, तिसरीनं पहिलीचे. नेटीनं तिसरी खुर्ची ओढली. लीझबेतनं जस्टिनाकडे पाहिलं, मग नजर वळवली. कुणी कुणाचे, हे ठरवायची वेळ आली नाही. जस्टिना गुडघ्यांवर बसली आणि तिनं नेटीचा पाय हातात घेतला. लव्हेंडरचा वास, पावडर, अंगठ्यांच्या बुडाशी टणक गाठी. चांगल्या बुटांत जन्मभर कोंबलेले पाय. तिला ते वाईट धुवायचे होते. एक ओंजळ, एक टिपणं, झालं. पण तिच्या हातांना वाईट धुता येत नव्हतं. ते आपले गाठींभोवती फिरले, तळव्याच्या खळग्यात दाबून थांबले, बोटं एकेक करून सोडवत गेले, आणि वर नेटीनं श्वास सोडला, ओझं खाली ठेवल्यासारखा. "अगं," ती पुटपुटली, "असं असतं होय." जस्टिनानं टॉवेल घेतला. तिला जिंकल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची शिसारी आली, आणि तरी ते वाटत राहिलं.

मग नेटीनं लीझबेतचा उजवा पाय धुतला. डावा कोरड्या मोज्यात बाजूच्या स्टुलावर होता. खुरप्याचा व्रण पाण्यात पांढरा झाला. नेटीचा अंगठा त्यावरून गेला, थांबला नाही. त्या व्रणाचं तिला ठाऊक नव्हतं. जस्टिनानं हे टिपलं.

"आता तू," लीझबेत म्हणाली. तिला गुडघे टेकता येत नव्हते; नेटीनं ठेंगणं स्टूल सरकवलं, त्यावर ती बसली, तसराळं दोघींच्या मधे. जस्टिना बुटाला हात घालायला वाकली आणि तिथेच थबकली. पाय. सकाळी सहापासूनचे पाय. दिवसभर भट्टीपुढे उभे राहिलेले, डबक्याच्या पाण्यात भिजलेले, राखाडी लोकरीत उबलेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती पाय न धुता आली होती. आजूबाजूला सगळीकडे गुलाबी टाचा होत्या. "अगं, माझे आज…" ती म्हणाली. लीझबेतनं वाट पाहिली नाही. बूट ओढला, ओला मोजा सोलून काढला. वास आला. यीस्टचा, घामाचा, ओल्या मेंढीचा. पाय सुरकुतून पांढरा पडला होता आणि प्रत्येक बेचकीत मोज्याची राखाडी लोकर लागून वळ्या झाल्या होत्या. पाणी लागलं तसा जस्टिनाचा पाय आपोआप वर निघाला, झालं, पुरे, हे शब्द ओठांवर आले. पण लीझबेतनं घोटा धरला होता. तिच्या हातात जोर राहिला नव्हता, तरी तिनं धरला. "गप बस, स्टीन," ती म्हणाली.

पाय पाण्यात राहिला. जस्टिनानं खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. लीझबेत चांगलं धुवत नव्हती. एकच जागा दोनदा, टाच राहिलीच, पाणी जमिनीवर सांडत होतं. तिनं एकेका बोटातून लोकर काढली, सावकाश, नजर बारीक करून, आणि काढता काढता तिचा चेहरा बदलत गेला. तोंडाचे कोपरे हलले. ती वर बघेना. हसण्यानं खांदे हलू लागले. तिनं तोंडावर हात धरला नाही.

"काय गं झालं?" टॉवेल घेऊन पलीकडून येता येता नेटीनं विचारलं.

लीझबेतची मूठ मिटली. राखाडी लोकर आत होती, पाणी मनगटावरून ओघळत होतं. "कुठे काय?" ती म्हणाली. "पाणी जरा निवलं." आणि मूठ तशीच तिनं झग्याच्या खिशात घातली.

पाणी खरंच निवलं होतं. जस्टिनानं पाय काढला नाही. तिनं आधी नेटीकडे नीट निरखून पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं. नेटीला काही दिसलं नव्हतं.